ओवीतली मोकळी जागा

आजोळच्या एका जुन्या जमिनीच्या कामासाठी मध्यंतरी मला तालुक्याच्या दप्तरखान्यात काही दिवस बसावे लागले. रुमालांत बांधलेली, कडा झिजलेली, काही मोडीत तर काही बाळबोधीत लिहिलेली फेरफारांची ती बाडे चाळताना पणजोबा, आजोबा, चुलत आजोबा, त्यांचे कूळ, शेजारच्याचा बांध आणि त्या बांधावरचे आंब्याचे झाड अशी सर्वांची रीतसर नोंद सापडत गेली. आंब्याच्या झाडाबद्दल तर दोन भाऊबंदांत झालेल्या तंट्याचा सविस्तर मजकूर होता. ज्या बाईने त्या घरात साठ वर्षे दळले, कांडले, सात बाळंतपणे काढली, त्या माझ्या आजीचे नाव मात्र आजोबांच्या मृत्यूनंतरच्या एका कागदावर, वारसांच्या यादीत, एकदाच आले होते, आणि तेही चुकीचे. लग्नात तिचे नाव बदलले होते. कारकुनाने माहेरचे लिहावे की सासरचे या घोळात भलतेच लिहून ठेवले, आणि त्याची शहानिशा करण्याचे कोणाला कारण पडले नसावे.

तू कोण, कोठली, कोणाची, या प्रश्नांची उत्तरे सरकार कागदावर मागते. ज्यांच्या वाट्याला कागद आला नाही त्यांनी ती उत्तरे कोठे जपून ठेवली असतील, असा विचार त्या दप्तरखान्याच्या धुळीत बसून करीत असताना मला आजीचे जाते आठवले. त्या जात्यावर ती जे म्हणत असे ते आम्ही मुले अर्धवट झोपेत ऐकत असू आणि त्याला कविता म्हणण्याचे आमच्या मनातही कधी आले नाही. शाळेत कविता पाठ कराव्या लागत, त्यांना कवीचे नाव असे आणि न आल्यास छडी असे. आजीच्या ओव्यांना यांपैकी काहीच नव्हते.

दळणाचे वेळापत्रक निसर्गाने ठरवून दिलेले होते, हे आजच्या वाचकाला सांगावे लागेल. बाजरीचे पीठ चार दिवस ठेवले की कडू पडते, म्हणून ते आठवड्याचे एकदम दळून ठेवता येत नाही. ज्या प्रदेशात भाकरी हेच अन्न, तेथे रोजची पहाट जात्यापाशीच उजाडणार. पुरुषमाणसे अजून अंथरुणात आहेत, गुरे उठायची आहेत, अशा वेळी दोन बाया जात्याच्या दोन बाजूंना समोरासमोर बसत, एकीचा पाय पसरलेला, दुसरीचा मुडपलेला, आणि दोघींचे उजवे हात एकाच खुंट्यावर. डाव्या हाताने अधूनमधून मूठभर दाणे वरच्या दगडाच्या तोंडात वैरायचे. त्या दोघी बहुधा जावा असत, किंवा सासू आणि सून, किंवा नणंद आणि भावजय. म्हणजे ज्या नात्यांत दिवसभर सरळ बोलणे कठीण, नेमकी तीच माणसे दिवसातून तास-दीड तास एका खुंट्याला जोडलेली असत. एकीने हात आखडता घेतला की दुसरीला तत्काळ कळे. वरचा दगड सैलपणे फिरू लागला की समजावे, समोरची रागावली आहे, किंवा थकली आहे, किंवा तिला दिवस गेले आहेत.

या स्थितीत जी रचना जन्माला आली तिची घडण फार शहाणपणाची आहे. जात्यावरची ओवी साधारणपणे दोन ओळींची. पहिली ओळ बरेचदा सामाईक मालकीची असते: पंढरीची वाट, दारची तुळस, उगवता दिवस, पेठेतले लुगडे, सीतेचा वनवास अशा विषयांवरची ही तयार ओळ पुणे जिल्ह्यातल्या एखाद्या मावळी खेड्यात ऐकावी आणि तीच थोड्या फरकाने बीडकडे पुन्हा भेटावी. दुसऱ्या ओळीत मात्र एक जागा मोकळी सोडलेली असते, आणि त्या जागी म्हणणारी आपल्या माणसाचे नाव घालते; भावाचे, लेकाचे, लेकीचे, कधी गावाचे, कधी गुरुबंधूचे. नाव दोन अक्षरी असेल तर मागे ‘बाई’, ‘सखे’, ‘माझ्या’ असा एखादा भरणा घालायचा, लांब असेल तर ओढून किंवा मोडून बसवायचे. सरकारी कचेरीत छापील अर्जाचा नमुना मिळतो आणि त्यात ‘अमुक अमुक यांचा मुलगा, राहणार अमुक’ अशा रिकाम्या जागा भरायच्या असतात. ओवी हा त्याच जातीचा नमुना, फक्त तो भरायला अक्षरओळख लागत नसे आणि त्यावर सही शिक्का कोणी मागत नसे.

कविता माणसाला ‘स्वत्व’ देते असे आपण म्हणतो तेव्हा कवीने स्वतःविषयी काहीतरी ठासून सांगितले आहे अशी आपली कल्पना असते. येथे प्रकार वेगळा आहे. गाणारी त्या मोकळ्या जागेत स्वतःचे नाव क्वचितच घालते. आपण कोण हे ती आपण कोणाच्या आहोत यावरून सांगते, आणि त्यासाठी तिने नावांची जी यादी धरलेली असते ती कोणत्याही वारसनोंदीपेक्षा बारकाईची असते: थोरला भाऊ, धाकटा भाऊ, त्यांची गावे, मामा, मावस बहीण, वारीत भेटलेली आणि बहीण मानलेली परजातीची बाई. माझ्या आजीचे चार भाऊ होते. त्यांतला एक लहानपणीच वारला होता, याची घरात कोणालाही कल्पना नव्हती. ओव्यांत मात्र तिने चारही नावे शेवटपर्यंत चालू ठेवली होती. आम्ही तीनच मामेआजोबा पाहिले होते, म्हणून चौथे नाव हे ओवीच्या सोयीसाठी घेतले असावे असा आमचा समज.

ओवीचा दुसरा उपयोग तक्रारीचा. ज्या सुनेला सासूसमोर मान वर करून बोलण्याची मुभा नव्हती ती पहाटे जात्यावर, भिंतीपलीकडे सासू जागी आहे हे पक्के ठाऊक असताना, सीतेला सासुरवास कोणी केला याचे साग्रसंगीत वर्णन करीत असे. सासूने त्यावर काय बोलावे? सीतेची कथा म्हणण्यास मनाई करता येत नाही. आणि ‘हे मला उद्देशून आहे का’ असे विचारावे तर आरोप आपणच अंगावर ओढून घेतल्यासारखे होते. ओवी कोणाला लागली हे ठरवण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर टाकून म्हणणारी नामानिराळी राहते. पुढे हीच सून सासू झाली की तिलाही आपल्या सुनेच्या तोंडून तीच सीता ऐकावी लागे, आणि मला वाटते, ती कितीही खाष्ट असली तरी त्या ओळीपाशी क्षणभर का होईना तिला आपली जुनी पहाट आठवत असली पाहिजे. विठोबाचेही तसेच. शास्त्री-पंडितांच्या विठोबाशी या बायांना फारसे कर्तव्य नव्हते. त्यांचा विठोबा हा पंढरपूरचा भाऊ, त्याची बायको रुसते, जनीवरून त्या दोघांत भांडण होते, आणि त्याच्या घराला हक्काने माहेर म्हणता येते.

माहेर हा शब्द आला की भाऊ आलाच. ओव्यांतला भाऊ हा दिवाळीला येणारा, चोळीबांगडी करणारा, उन्हातून वाट तुडवीत बहिणीच्या गावची वेस गाठणारा असा आहे. त्याची वाट पाहण्यात जितकी काव्यशक्ती खर्च झाली आहे तितकी नवऱ्यावर झालेली नाही, हे कोणताही संग्रह उघडून पाहावे. या प्रेमाचा एक व्यवहारी पैलू मला त्या दप्तरखान्यात उमगला. फेरफारांच्या बाडांत जेथे जेथे बायकांची नावे होती तेथे ती बहुतेक हक्कसोडीच्या निमित्ताने होती. वडिलार्जित मिळकतीतील आपला हिस्सा आपण राजीखुशीने भावाच्या लाभात सोडीत आहोत, असा मजकूर आणि खाली अंगठा. महाराष्ट्रात 1994 साली आणि देशभर 2005 साली कायद्यात दुरुस्ती होऊन मुलीला मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क मिळाला, तरीही हे कागद होतच आहेत, आणि त्याला केवळ दडपण हे कारण पुरत नाही. जमीन घेतली तर माहेर तुटते, हा त्यामागचा हिशोब आहे. ज्या बाईने तीस वर्षे रोज पहाटे भावाचे नाव घेऊन आपले माहेर तोंडात शाबूत ठेवले ती ते दोन बिघ्यांसाठी मोडायला धजत नाही. ओवीने तिला आधार दिला हे खरे, आणि त्या आधाराची किंमत तिच्याकडूनच वसूल झाली हेही तितकेच खरे. ओव्यांचे गोडवे गाणारे आम्ही लेखक यातली दुसरी बाजू सहसा सांगत नाही.

हा प्रकार किती जुना आहे याचा लेखी दाखला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 1129 च्या सुमाराच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया धान्य कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. म्हणजे ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये गीतेवरील टीका ओवीत सांगितली त्याच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी हा छंद उखळामुसळापाशी नांदत होता, आणि मराठीतला सर्वांत थोर ग्रंथ स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीतून आलेल्या वृत्तात उभा राहिला. कमलाबाई देशपांडे यांनी स्त्रीगीतांवरील आपल्या पुस्तकाला ‘अपौरुषेय वाङ्मय’ असे नाव दिले. वेदांना लावायचे विशेषण बायकांच्या गाण्यांना लावायचे, आणि ‘पुरुषाने न रचलेले’ हा त्याचा अगदी सरळ अर्थही शाबूत ठेवायचा, हा विनोद इतका सुसंस्कृत आहे की अनेकांना तो विनोद आहे हेच कळले नसावे.

गोव्यात या छंदाला जे दिवस पाहावे लागले त्यांची हकीकत विलक्षण आहे. इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्स नावाच्या जेझुइट धर्मोपदेशकाने ख्रिस्ताची कथा मराठीत सांगायची ठरवली तेव्हा त्यानेही ओवीच निवडली. सुमारे 11 हजार ओव्यांचे त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूर येथे छापले गेले. नव्याने बाटलेल्या लोकांना पुराण ऐकण्याची सवय आहे, त्यांना त्यांच्याच चालीत नवा देव द्यावा, हे त्याने अचूक ओळखले होते. पुढे 1736 मध्ये त्याच गोव्यात इन्क्विझिशनने जो जाहीरनामा काढला त्यात दारची तुळस, नेसायचे पुडवे यांबरोबर लग्नप्रसंगी गायच्या ओव्यांनाही मनाई केली. धर्म बदलून दोन शतके होत आली, नावे पोर्तुगीज झाली, देऊळ जाऊन चर्च आले, तरी लग्नघरात बायका हळद लावताना काय गातात याची धास्ती सत्तेला वाटत होती. ती धास्ती अनाठायी नव्हती असे मी म्हणेन. पाद्रीबुवाच्या वहीत मुलाचे नाव काय लिहायचे हे सरकार ठरवू शकते. मांडवात त्याला कोणाचा नातू म्हणून ओवाळायचे ते आजी ठरवते.

जात्याला मात्र कोणत्याही हुकूमनाम्याने बंद पाडले नाही; ते पिठाच्या गिरणीने पाडले. इंजिनावरची गिरणी गावात आली तेव्हा बायांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तो टाकण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. जात्यामागच्या काव्यासाठी हळहळणाऱ्यांपैकी कोणी एक शेर ज्वारी दळून पाहिलेली नसते. परंतु दळण सुटले तसे गाणेही सुटले. काही वर्षांपूर्वी मावळातल्या एका वाडीत एका वृद्ध बाईंकडे ओव्या टिपून घेण्यासाठी मी गेलो होतो. मोठी ख्याती ऐकली होती. टेपरेकॉर्डर मांडला, चहा झाला, आणि म्हातारीच्या तोंडातून शब्द निघेना.

“येत न्हाई, दादा,” ती म्हणाली. “बसून कुठं गाणं येतं व्हय?”

तिच्या सुनेने गोठ्याच्या कडेला टाकलेले जाते पुसून आणले; त्याचा खुंटा गेलेला होता, म्हणून विळ्याची मोडकी मूठ भोकात ठोकून बसवली. दाणे नव्हतेच. म्हातारीने रिकामे जाते फिरवायला घेतले, दगडावर दगड घासल्याचा कर्कश आवाज होऊ लागला, तशी ती सुनेवर खेकसली, “अगं, मूठभर काय तरी आण, उपाशी जातं फिरवू नये.” मग तांदळाची कणी आली, घरघर सुरू झाली, आणि सात-आठ फेऱ्यांनंतर कोणी झाकण काढावे तशा ओव्या येऊ लागल्या. सव्वा तासात किती झाल्या ते मी मोजले नाही. सून समोर बसली होती. तिला यांतली एकही येत नव्हती, पण दुसरी ओळ संपताना तिचे ओठ हलू लागले होते. मध्येच म्हातारी थांबली आणि मला म्हणाली, “तुमच्या बहिणीचं नाव काय?” मी सांगितले. पुढच्या ओवीत ते नाव होते. मला ती बाई त्याआधी कधी भेटली नव्हती.

या ओव्या संग्रहित करण्याचे काम अनेकांनी केले. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’ मध्ये त्या वेचल्या, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे खंडामागून खंड काढले. पण या सर्वांवर ताण केली ती पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्समध्ये जन्मून भारताचे नागरिक झालेले गी पॉयतवाँ या दोघांनी. मुळशीच्या डोंगरी भागात गोरगरिबांच्या संघटनेचे काम करताना, सभेत गप्प बसणाऱ्या बाया ओवीपाशी आल्या की मोकळ्या होतात असे त्यांच्या ध्यानात आले, आणि 1980 नंतरच्या दशकात सुरू झालेले हे काम वाढत वाढत एक हजाराहून अधिक गावे आणि एक लाखाहून अधिक ओव्या इथपर्यंत पोहोचले. विशेष हे की त्यांनी प्रत्येक ओवीबरोबर म्हणणारीचे नाव आणि गाव टिपून ठेवले. इतकी शतके जिने सर्वांची नावे घातली आणि आपले वगळले तिचे नाव पहिल्यांदाच कोणीतरी तिला विचारले. 2017 पासून हा संग्रह ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या दप्तरातून टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी खुला होत आहे.

या संग्रहातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग माजलगावचा. बीड जिल्ह्यातल्या या गावच्या भीमनगर वस्तीतील बायांच्या ओव्या 1996 मध्ये ध्वनिमुद्रित झाल्या. जात्यावर बसल्यावर पहिली ओवी अमक्या देवाला, दुसरी तमक्याला, अशी वाहण्याची जुनी वहिवाट आहे. भीमनगरच्या बायांनी ती वहिवाट मोडली नाही. त्यांनी मोकळी जागा नव्याने भरली. जेथे देव होते तेथे बुद्ध, धम्म, संघ आले, जेथे भाऊ होता तेथे भीमराव, आणि रमाई घरच्या बाईच्या जिव्हाळ्याने आली. 1956 च्या ऑक्टोबरात नागपूरला दीक्षेचा सोहळा झाला, त्याचे ग्रंथांतून, ठरावांतून, भाषणांतून पुष्कळ विवेचन झाले आहे. परंतु सोडलेल्या धर्माचे देव तोंडातून जाऊन नवे नाव जिभेवर रुळायला काय काय घडावे लागते, हे या ओव्यांइतके जवळून अन्यत्र दिसत नाही. जाते तेच, चाल तीच, आणि गाणारी म्हणते, मी आता यांची.

येथे कोणी बहिणाबाई चौधरींचे नाव घेईल, आणि ते घ्यावेही. आसोद्यात जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या या बाईची गाणी तिच्या मृत्यूनंतर, 1952 मध्ये, तिचे चिरंजीव सोपानदेव आणि आचार्य अत्रे यांच्यामुळे छापून आली नसती तर मराठी कवितेचे मोठे नुकसान झाले असते. पण बहिणाबाई स्वयंभू प्रतिभेची कवयित्री होती, तिची गोष्ट निराळी. मी सांगतो आहे ती प्रतिभा नसलेल्या बाईची, जिला ओवी जुळवता येत नव्हती, फक्त भरता येत होती.

गेल्या मार्गशीर्षात नात्यातल्या एका लग्नाला गेलो होतो. पुण्याच्या मंगल कार्यालयात हळदीच्या कार्यक्रमासाठी मांडववाल्याने जाते भाड्याने आणले होते. रंगवलेले, खुंट्याला आंब्याचा डहाळा आणि सुपारी बांधलेली, खाली प्लॅस्टिकचे ताट. पाच सुवासिनींनी हात लावून हळकुंडांवरून दोन फेरे घेतले, छायाचित्रकाराने ते पुन्हा घ्यायला लावले, आणि सर्वजणी उठल्या. वधूकडच्या गावाहून आलेली एक आजी मात्र बसून राहिली. तिने खुंटा धरला आणि समोर कोणी नाही असे पाहून माझ्या भाचीला हाताने खूण केली. पहिली ओळ तिने सहज म्हटली. दुसरीच्या मध्यावर येऊन थांबली.

“पोरीचं नाव काय गं?”

भाचीने वधूचे नाव सांगितले. अलीकडच्या तऱ्हेचे, दोन जोडाक्षरांचे. म्हातारीने ते तोंडात घोळवून पाहिले, एकदा ओढून, एकदा मोडून. बसेना.

“घरात काय हाक मारता?”

“छकुली.”

“मग तेच की,” म्हणून तिने ओळ पुन्हा पहिल्यापासून धरली. छायाचित्रकाराने तोवर दिवे आवरायला घेतले होते.